चाकांच्या आगबोटी

स्वित्झर्लंड देशात, आल्प्स पर्वताच्या सान्निध्यात, ल्युसर्न नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. उन्हाळ्यात या सरोवराच्या काठी उभे राहिले, की भोंग्याचा गंभीर स्वर कानी येतो आणि थोड्याच वेळात एक पांढरीशुभ्र आगबोट दृष्टीस पडते. तिच्या दोन्ही अंगांस मोठी चाके असून त्यांच्या फिरण्याने पाणी घुसळून निघते. वाफेच्या बळावर चालणाऱ्या अशा पाच आगबोटी या सरोवरात आजही उतारूंची ने-आण करतात. त्यांतील सर्वांत जुनी ‘उरी’ ही १९०१ सालची, तर सर्वांत धाकटी ‘श्टाट लुत्सर्न’ ही १९२८ सालची आहे.

या आगबोटींचे यंत्र समजण्यास सोपे आहे. बाष्पपात्रात पाणी तापवून त्याची वाफ करतात. पूर्वी त्यासाठी कोळसा जाळीत. आता तेल जाळतात. वाफ नळातून सिलिंडरमध्ये शिरते व आतील दट्ट्यास जोराने ढकलते. दट्ट्याची ही मागे-पुढे होणारी गती दांड्यांच्या साहाय्याने एका आडव्या आसास मिळते आणि तो फिरू लागतो. आसाच्या दोन्ही टोकांस चाके बसविलेली असतात. चाकांच्या फळ्या पाणी मागे रेटतात आणि बोट पुढे सरकते. नावाडी वल्ह्याने जे काम करतो, तेच ही चाके अखंड करीत असतात.

पुढे पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा आणि डिझेलचे यंत्र प्रचारात आले. त्यांना खर्च कमी व माणसेही थोडी लागत. साहजिकच चाकांच्या आगबोटी जगभर मोडीत निघू लागल्या. ल्युसर्न सरोवरातील ‘विल्हेल्म टेल’ ही बोट १९७० साली बंद झाली व पुढे तिचे उपाहारगृह झाले. उरलेल्या बोटींचीही हीच गत होणार, असे दिसू लागले. तेव्हा आगबोटींवर प्रेम करणाऱ्या लोकांनी १९७२ साली एक संस्था स्थापन केली आणि बोटींच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्यास आरंभ केला. १९७७ साली थांबलेली ‘उंटरवाल्डेन’ ही बोट संपूर्ण दुरुस्तीनंतर १९८५ साली पुन्हा पाण्यावर धावू लागली.

असेच उदाहरण स्कॉटलंडमध्ये घडले. तेथील ‘वेव्हर्ली’ ही चाकांची आगबोट १९७४ साली तिच्या मालकांनी अवघ्या एका पौंडास आगबोटप्रेमींच्या संस्थेला देऊन टाकली. बोट स्वस्तात मिळाली, पण ती चालविण्याचा खर्च मोठा होता. लोकांनी वर्गणी जमविली, स्वतः कष्ट केले आणि १९७५ साली ती पुन्हा समुद्रात उतरविली.

या बोटींतून प्रवास करणारे हौशी लोक केवळ पैलतीर गाठण्यासाठी येत नाहीत. बोटीच्या मध्यभागी यंत्र उघडे दिसते. कठड्याशी उभे राहून ते चकाकणाऱ्या दांड्यांची लयबद्ध हालचाल न्याहाळतात. तापलेल्या तेलाचा वास घेतात. वरून कप्तानाचा हुकूम येताच यंत्रचालक वाफेचा ओघ कसा कमीअधिक करतो, हेही त्यांना पाहावयास मिळते.

जुनी बोट संग्रहालयात ठेवली, तर तिचे लाकूड-लोखंड टिकेल. परंतु वाफेचे यंत्र चालविण्याची विद्या एका चालकाकडून दुसऱ्याकडे प्रत्यक्ष कामातूनच जाते. ती टिकावी, म्हणून या बोटी चालत्या ठेवण्यासाठी लोक इतके झटतात.