मिठातलं आयोडीन आणि अणुभट्टीतलं आयोडीन: नाव एकच, मग फरक कुठे?

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. काही दिवसांतच पोलंडमध्ये १ कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचं औषध पाजण्यात आलं. आणि भीती कशाची होती? आयोडीनचीच!

आता आयोडीनवर आयोडीनचाच उतारा कसा?

अणू कोणत्या मूलद्रव्याचा, हे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीनच. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त असू शकतात. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे, अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. मिठाच्या पुडीतल्या आयोडीनमध्ये ७४ न्यूट्रॉन असतात. ५३ अधिक ७४, म्हणून ते आयोडीन-१२७. अणुभट्टीत तयार होणाऱ्या आयोडीन-१३१मध्ये ते ७८ असतात.

फरक फक्त चार न्यूट्रॉनचा, पण तेवढ्यानं केंद्रकाचा तोल बिघडतो. आयोडीन-१२७ कायम तसंच राहतं. १३१ मात्र बीटा कण आणि गॅमा किरण बाहेर टाकत झेनॉन होऊन जातं. साधारण दर आठ दिवसांनी ते निम्मं उरतं.

शरीराला यातलं काहीच कळत नाही. रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉनवर ठरते आणि ते दोघांतही सारखेच. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हार्मोन बनवायला आयोडीन ओढून घेते, समोर येईल ते. चेर्नोबिलनंतर हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गायींच्या दुधात उतरलं आणि मुलांच्या पोटात गेलं. युक्रेन, बेलारूस आणि रशियात पुढे मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग वाढला. ग्रंथी आधीच साध्या आयोडीननं भरलेली असेल, तर १३१ला तिथे फारशी जागा उरत नाही. पोलंडमधल्या औषधाचं काम एवढंच होतं. इतर किरणोत्सारी पदार्थांपासून ते वाचवत नाही. 'अणुयुद्धाची गोळी' म्हणून फिरणारे फॉरवर्ड वाचताना हे लक्षात असू द्या. आणि हो, जास्त मीठ खाऊन हे साधत नाही; त्यातलं आयोडीन फारच थोडं असतं.

थायरॉइडची हीच ओढ मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये उपचारासाठी वापरली जाते. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी मारायला रुग्णाला मुद्दाम आयोडीन-१३१ देतात. त्या पेशी ते शोषून घेतात आणि बीटा कण त्यांना जागीच जाळतात, कारण हे कण शरीरात जेमतेम दोनेक मिलिमीटर जातात. गॅमा किरण मात्र बाहेर पडतात. त्यामुळे मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं.