नळीमागचं दातेरी कडं

नागपुरात सदरमध्ये रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आजोबांची बंदूक भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. आजोबांनी ती रेल्वेत नोकरी करणाऱ्या आणि देश सोडून निघालेल्या एका अँग्लो-इंडियन शेजाऱ्याकडून घेतली. नळीवर नाव आहे विंचेस्टर, मॉडेल 12.

इकडच्या जुन्या घरांत बंदूक म्हणजे बहुधा विलायती दुनळी; आमची मात्र अमेरिकी. अमेरिकेतही दुनळ्या फार देखण्या बनल्या. कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या पार्कर बंधूंच्या, फिलाडेल्फियाच्या फॉक्सच्या. 1909 साली थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा फॉक्सची दुनळी त्यांच्या सोबत होती. पण अमेरिकेने स्वतःची वाट काढली ती पंपाच्या बंदुकीत. नळीखाली काडतुसांची दुसरी नळी. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. विंचेस्टरसाठी जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या 1897च्या मॉडेलने ही रचना घरोघरी नेली. त्यात घोडा मागे उघडा होता. विंचेस्टरचे अभियंते टी. सी. जॉन्सन यांनी 1912मध्ये तो आत झाकला, आणि आमच्या बंदुकीचा वंश सुरू झाला.

ती बारा बोअरची आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. छऱ्यांची काडतुसं येतात पुण्याजवळच्या खडकीतून, 1869पासून चालू असलेल्या दारूगोळा कारखान्यातली. विंचेस्टरच्या न्यू हेवनची बंदूक आणि खडकीचं काडतूस यांचं छान जमतं.

तिचा दर्जा नुसत्या पॉलिशमध्ये नाही. मधला सगळा सांगाडा पोलादाच्या घडीव ठोकळ्यातून कोरून काढलेला. आतले भाग कारागिरांनी एकेक घासून, बसवून, पुन्हा काढून जुळवलेले. म्हणून मूठ ओढताना तेलात सुरी फिरावी तशी ती सरकते. अशा सुमारे 20 लाख बंदुका कारखान्यातून बाहेर पडल्या. दरम्यान 1950 साली रेमिंग्टनची 870 आली. तिचे सुटे भाग हाताने जुळवावे लागत नव्हते, त्यामुळे ती स्वस्त पडली आणि चांगलीही होती. माणसाच्या हातांची मजुरी वाढत गेली आणि 1964मध्ये विंचेस्टरने मॉडेल 12चं नेहमीचं उत्पादन थांबवलं. त्यात कारखान्याचा दोष मला दिसत नाही, पण हळहळ वाटते.

दोन वर्षांपूर्वी नळी किंचित हलू लागली. एका दुकानात नेली, तर त्यांनी कानस काढली. मी बंदूक उचलून घरी आणली. मग एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी नळी पाव फेरा फिरवून सांगाड्यातून सोडवली, दिव्याच्या ज्योतीवर धरून तिच्या आट्यांवर काजळी घेतली आणि परत बसवून काढली. काजळी कुठे पुसली गेली ते मला भिंगातून दाखवलं.

“भाऊ, हिला घासायचं काम नाही,” ते म्हणाले. “बनवणाऱ्यानं सोय करून ठेवलीय.”

नळीच्या मुळाशी एक दातेरी कडं असतं. वापराने आटे झिजले की ते कडं एक दात पुढे फिरवायचं, की सांधा पुन्हा घट्ट. ही बंदूक आपल्यामागे पन्नास वर्षं चालेल, झिजेल, आणि तेव्हा आपण तिथे नसू, हे जॉन्सन यांनी 1912मध्ये धरूनच ठेवलं होतं. मला या एका कड्याबद्दल त्यांच्याविषयी जेवढा आदर वाटतो, तेवढा नक्षीकाम केलेल्या कुठल्याही दुनळीबद्दल वाटत नाही.

आता अशी दुसरी बंदूक मिळणं अवघड. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला, ते योग्यच झालं. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे देशात आहेत तेवढ्याच या बंदुका, आणि त्या कानशीखाली गेल्या तर गेल्या.

कारागिरांनी कडं एक दात फिरवलं, स्क्रू आवळला आणि नळी हलवून बघायला माझ्या हातात दिली. ती हलली नाही. कड्यावर अजून फिरायला जागा आहे.