भांडण जेवणाच्या सुट्टीवरून

मद्रासच्या पेरंबूर भागातली बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिल म्हणजे बिनी कंपनीचं वैभव. तिथल्या कामगारांची गाऱ्हाणी १९१८ मध्ये बाहेर आली, तेव्हा पगाराइतकाच जोर जेवणाच्या सुट्टीवर होता. दिवस जवळपास बारा तासांचा आणि मधली सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात साच्यावरून सुटायचं, हात धुवायचे, चार घास गिळायचे आणि पळत परत यायचं. वर गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, कधी हातही.

ती गाऱ्हाणी ऐकून घेणारे मिलमधले नव्हतेच. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू हे पेरंबूरचे व्यापारी. त्यांच्या धार्मिक सभेला येणारे कामगार त्यांच्यापाशी मन मोकळं करत. त्यांनी गाठलं बी. पी. वाडियांना. वाडिया जन्माने मुंबईचे पारशी, ॲनी बेझंटबाईंचे ‘न्यू इंडिया’ या वृत्तपत्रातले सहकारी. २७ एप्रिल १९१८ ला मद्रास लेबर युनियन उभी राहिली. देशातली पहिली रीतसर कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. सुट्टी ३० ची ४० मिनिटं झाली. दहा मिनिटं! पण ती मागितली याचं साहेबाला फारसं काही नव्हतं, सगळ्यांनी मिळून मागितली हे झोंबलं.

१९२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली, गोळीबारात माणसं गेली आणि कंपनी हायकोर्टात गेली. कामगारांना करार मोडायला फूस लावली म्हणून वाडियांवर नुकसानभरपाईचा दावा, शिवाय मनाई हुकूम. तडजोड झाली ती वाडियांनी चळवळ सोडावी या अटीवर. संघटना बांधणाऱ्याला असं कोर्टात खेचता येतं म्हटल्यावर मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला, त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. (लोअर परळला त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून जाताना हे कुणाला आठवत असेल?) इकडे मिलने १९२२ च्या सुमारास स्वतःची कामगार कल्याण समिती नेमली. शाळा होती, घरं बांधली. बिनीने बरंच दिलं, हे मान्य करायला हवं. फक्त समोर कोणी बसायचं, हे तिला स्वतःच ठरवायचं होतं.

१९९६ मध्ये मिल बंद पडली. नवे कारखाने पुढे चेन्नईबाहेर श्रीपेरंबुदूरकडे सरकले. तिथे डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून जास्त जणी इस्पितळात गेल्या, मैत्रिणी दगावल्याची अफवा उठली आणि मुलींनी चेन्नई-बंगळूरु महामार्ग अडवला. पुन्हा ताटावरूनच.

तिथून जवळच सुंगुवारछत्रमच्या सॅमसंग कारखान्यात फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन बनतात. ९ सप्टेंबर २०२४ ला हजारावर कामगार तिथून बाहेर पडले ते ३७ दिवस. पगार आणि कामाचे तास होतेच, पण मेख होती संघटनेच्या नोंदणीची. नावात ‘सॅमसंग’ नको, असं कंपनीचं म्हणणं. संप चालू असतानाच तिने एका वेगळ्या कामगार समितीशी करार करून टाकला. बिनीच्या साहेबांना ही चाल ओळखीची वाटली असती.

नोंदणीसाठी कामगार मद्रास हायकोर्टात गेले. हातात १९२६ चा कायदा, आणि ज्याच्या मनाई हुकमामुळे त्या कायद्याची गरज पडली तेच हे कोर्ट. जानेवारी २०२५ मध्ये ‘सॅमसंग इंडिया वर्कर्स युनियन’ याच नावाने नोंदणी झाली. दहा महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा कायदा रद्द झाला.