अहिल्याबाई, मालेराव आणि ते वासरू

इंदूरच्या राजवाड्याला लागून आडा बाजार आहे. पाहुण्याला तिथून नेताना इंदूरकर एक गोष्ट हमखास सांगतो. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव रथातून चालला होता. वासरू चाकाखाली येऊन मेलं, गाय तिथेच बसून राहिली. अहिल्याबाईंनी सुनेला विचारलं, ‘आईदेखत तिच्या लेकराचा जीव घेणाऱ्याला काय शिक्षा द्यावी?’ सून म्हणाली, ‘मृत्युदंड.’ मालेरावाला हातपाय बांधून रस्त्यात टाकलं. सारथी धजेना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या; पण तीच गाय पुन्हापुन्हा रथाला आडवी आली. मुलगा वाचला आणि बाजाराला नाव मिळालं. दुसऱ्या आवृत्तीत रथाऐवजी हत्ती आहे, गाय मध्ये पडत नाही आणि मुलगा मरतो.

एकाच गोष्टीत मुलगा मरतोही आणि वाचतोही, एवढ्यावरच ऐकणाऱ्याने थबकायला हवं. थबकत कुणी नाही. २०२५ साली अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी झाली आणि व्यासपीठांवरून, मोबाईलवरून ही गोष्ट नव्या दमाने फिरली, तीही इतिहास म्हणून.

आता नुसत्या तारखा पाहाव्यात. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव होळकर मे १७६६ मध्ये आलमपूरला वारले. सुभेदारी आली नातवाकडे, म्हणजे मालेरावाकडे. तो वर्षभरही टिकला नाही. १७६७ च्या पूर्वार्धातच गेला. अहिल्याबाईंच्या हाती दौलतीची सूत्रं आली ती त्यानंतर. म्हणजे मालेराव जिवंत असताना राज्य आधी आजोबांचं होतं, मग त्याचं स्वतःचं. गादीवर बसलेल्या अहिल्याबाईंनी मुलाला शिक्षा फर्मावली, असा एक दिवसही या हिशेबात बसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मल्हारराव मोहिमेवर असताना कारभार त्याच पाहत होत्या ना? पाहत होत्या. तोफखान्यापासून वसुलीपर्यंतच्या कामांत सासऱ्यांचा सुनेवर भरवसा होता. पण दौलतीच्या एकुलत्या वारसाला सुभेदारांच्या माघारी देहदंड देणं म्हणजे कारभार नव्हे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडल्यावर मल्हाररावांना उरलेला तोच नातू होता.

मग मालेराव मेला कसा? ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम १८१८ पासून माळव्यात होता. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्याने मालेरावाची गय केलेली नाही. ब्राह्मणांना द्यायच्या वस्तूंत विंचू लपवण्याची त्याची खोडही नोंदवली आहे. शेवटाची हकिकत अशी: भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला त्याने संशयावरून मारलं, तो निर्दोष होता हे नंतर कळलं आणि मालेरावाला वेड लागलं. लोक म्हणाले, कारागिराच्या भुताने झपाटलं. अहिल्याबाई रात्रंदिवस अंथरुणाशी बसून त्या भुताची विनवणी करत होत्या: देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, याला सोड. मुलगा वाचला नाही. आईनेच त्याला मारवलं अशी वदंता तेव्हाही होती. माल्कमने चौकशी करून ती निराधार ठरवली.

आणि वासरू? ते तर फार दुरून आलं आहे. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात, म्हणजे अहिल्याबाईंच्या हजाराहून अधिक वर्षं आधी, राजा एळाराची गोष्ट आहे. त्याच्या बिछान्याशी न्याय मागणाऱ्यांसाठी घंटा टांगलेली. मुलाच्या रथाखाली वासरू मरतं, गाय येऊन घंटा वाजवते, राजा त्याच चाकाने मुलाचा जीव घेतो. तमिळनाडूत हाच राजा मनुनीती चोळ होतो आणि गाव तिरुवारूर. बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम्’मध्ये ही कथा सविस्तर येते, मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळाही आहे. बाजाराचं नाव हा पुरावा नव्हे. नावामागे गोष्ट चिकटवायला फार काळ लागत नाही.

लोककथा असायला हरकत नाही. वैताग येतो तो वेगळ्याच कारणाने. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला आपण तिच्याच मुलावर रथ घालायला लावतो आणि वर त्याला गौरव म्हणतो!

त्याच ओघात आणखी काही समज निकाली काढता येतील.

अहिल्याबाईंची राजधानी इंदूर होती: नाही, महेश्वर होती. होळकरांची राजधानी इंदूरला आली १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर.

राजवाडा त्यांनी बांधला: काम मल्हाररावांच्या काळात सुरू झालं होतं.

काशी विश्वनाथाचं सोनं त्यांचं: मंदिर त्यांनी उभारलं, सोनं नंतर पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलं.

त्यांनी सती बंद केली: त्या स्वतः मल्हाररावांच्या विनवणीमुळे मागे राहिल्या, पण मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये सती गेली आणि आईला तिला अडवता आलं नाही.

न्यायाची गोष्ट हवी असेल तर खरी आहे. माल्कम सांगतो की बाई रोज दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात बसत आणि संध्याकाळी सहापर्यंत काम चाले. सिरोंजचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तिथल्या अंमलदाराने धमकावलं, भला मोठा नजराणा द्या, नाहीतर मालमत्ता जप्त. विधवा दत्तक घ्यायच्या मुलाला घेऊन महेश्वरला पोचली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला काढलं, दत्तक मंजूर केला, नजराणा घेतला नाही. मुलाला मांडीवर बसवून कपडे आणि पालखी देऊन परत पाठवलं.

इंदूरच्या शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनी वासराची गोष्ट खुशाल सांगावी, फक्त ती तिरुवारूरच्या नावाने सांगावी. अहिल्याबाईंच्या नावाने सिरोंजची सांगावी.