पियानोशेजारी घुमट

गोव्यात साष्टीतल्या चांदोर, लोटली, कुडतरी या गावांत भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, जुनी घरं आहेत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या बसवलेल्या, आणि आत नाचासाठी राखलेला प्रशस्त दिवाणखाना. चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या दिवाणखान्यात आजही झुंबरं लटकतात. एकोणिसाव्या शतकात गोव्याचा मांडो अशाच घरांत वाढला.

मांडो हे गाणंही आणि नाचही. लग्नात पुरुषांची एक रांग, बायकांची दुसरी. बायकांच्या अंगावर जरीचा तोरोप-बाजू, हातात पंखा. पुरुषांच्या हातात रुमाल. रांगा संथपणे एकमेकींजवळ येतात, मागे सरतात, पण कुणी कुणाला स्पर्श करत नाही. शब्द कोंकणी, चाल बहुतेकदा विरहाची, लय सहा मात्रांची, आणि दोन आवाज एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून बरोबर चालतात. ही दोन आवाजांची रीत चर्चच्या शाळांतून आली. तिथले मेस्त पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो (१८७६–१९४८) यांच्यासारखे रचनाकार याच परंपरेतले.

साथीला व्हायोलिन, ऐपतीच्या घरात पियानो, आणि त्यांच्या शेजारी तालाला घुमट! मला मांडोतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आमच्या सोलापुरात हलगीशिवाय मिरवणूक निघत नाही, पण हलगी कडाडते ती रस्त्यावर. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात तिला बसायला जागा मिळाल्याचं मी कधी पाहिलं नाही. गोव्यात मातीचं घुमट थेट झुंबराखाली आलं. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं, मागचं लहान तोंड उघडं. वादक एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकतो, उघडतो. तेवढ्यावर आवाज दबतो, फुगतो, हुंकारतो.

हे ध्यानात घेतलं की कॅरिबियन बेटांकडे पाहायला मजा येते. समोरासमोर रांगा धरून नाचायचा युरोपचा काँत्रदांस तिकडेही पोचला होता. हवानात मान्वेल साउमेल आणि पुढे इग्नासिओ सेर्वांतेस (१८४७–१९०५), पोर्तो रिकोत हुआन मोरेल कांपोस (१८५७–१८९६) यांनी त्यातून पियानोसाठी छोटे छोटे नाच रचले. उजव्या हातात नाजूक युरोपीय सुरावट, आणि डाव्या हातात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तालांतून आलेला हेलकावा. तिथे ढोल पियानोच्या पोटात शिरला. साहेबी घराला तो पट्ट्यांवरून ऐकू येई, ढोल वाजवणारा मात्र दिसत नसे. मांडोत वाजवणारा समोर बसतो. दोन्ही वाटांचं संगीत सुंदर आहे, पण माझं मन गोव्याच्या बाजूने झुकतं.

मांडो संपला की दुलपद येतं, भरभर चालीचं, गावातल्या माणसांच्या गमतीजमती सांगणारं. आणि देखणी. ख्रिस्ती घरांत रचलेल्या या नाचगाण्यात नायिका पुष्कळदा हिंदू कलावंतीण असते. 'हांव सायबा पलतडी वेतां' ही देखणी कार्लुश एउजेनियु फेरेरा यांच्या नावावर आहे. १८९५ साली ती पॅरिसमध्ये छापली गेली. दामूच्या लग्नाला जायचंय, वाट ठाऊक नाही, म्हणून नाचणारीण नदीपार पोचवण्यासाठी नावाड्याला अंगावरचे दागिने देऊ करते.

१९७३ च्या 'बॉबी'त हीच चाल देशभर पोचली. संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचं. त्यांतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते साष्टीतल्याच माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. चर्चच्या सुरावर पोसलेल्या कितीतरी गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे ताफे उभे केले, त्यांत गोन्साल्विसांचं नाव वरचं.

मोठ्या घरांचे दिवस मागे पडले तरी मांडो थांबला नाही. पणजीच्या मांडो महोत्सवात गावोगावची पथकं येतात, पोरंही दोन आवाजांत गातात. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं, आणि आता बकऱ्याचं कातडं वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.