मनाचा ताण आणि शरीराची यंत्रणा



ऊस, पाणी, खते यांविषयी आपण नेहमीच वाचता. आज थोडे आपल्या शरीराविषयी. माती तपासून घेणारा शेतकरी स्वतःची झोप उडाली तर मात्र "काही नाही, जरा टेन्शन आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. हे टेन्शन शरीरात नेमके काय करते, ते पाहू.

समजा, रात्री उसाला दारे धरायला गेलात आणि पायाजवळ सळसळ झाली. साप आहे की उंदीर, हे कळायच्या आत तुम्ही बांधावर उडी मारलेली असते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम सुटतो. हे कोणी केले? दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मेंदूचा इशारा मिळताच ती क्षणात अ‍ॅड्रिनलिन हा रस रक्तात सोडते. हृदय वेगाने चालते, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, पचन मंदावते. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले. 'लढा किंवा पळा' अशी ही तयारी. साप निघून गेला की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. ही यंत्रणा वाईट नाही. तिने माणसाला जगवले आहे.

अडचण पुढे आहे. उसाला तुरा आला, तोड मिळत नाही, सोसायटीचा हप्ता तोंडावर, मुलीचे लग्न ठरलेले. हा साप काही निघून जात नाही. त्याच्याशी लढता येत नाही आणि त्याला सोडून पळताही येत नाही. मग त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचा दुसरा रस दिवसेंदिवस जास्त झिरपत राहतो. एरवी तो पहाटे वाढतो आणि रात्री उतरतो. हे चक्र बिघडले की झोप तुटते, रक्तातली साखर व रक्तदाब वाढतो, रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. माणूस चिडका होतो, विसरतो. विहिरीत पाणी नसताना मोटार चालू ठेवली तर काय होते, ते आपणांस सांगायला नको.

हान्स सेली या संशोधकांनी १९३६ साली कॅनडात उंदरांवर प्रयोग करून हेच दाखवले. त्रास थंडीचा असो वा जखमेचा, शरीराचा प्रतिसाद सारखाच. आधी इशारा, मग प्रतिकार, आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकवा.

मग करायचे काय?

१. श्वास. नाकाने चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा अंक मोजत हळू सोडा. पाच मिनिटे. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. यामुळे कर्ज फिटत नाही, तोडही लवकर येत नाही. पण डोके ठिकाणावर राहते.

२. झोप. सात तास तरी हवी. रात्रीच्या पाळीला जावे लागले तर दिवसा भरपाई करा. संध्याकाळनंतरचा चहा टाळा.

३. तंबाखू आणि दारू. तंबाखूने नाडी व रक्तदाब वाढतो. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडकी लागते. ताण तसाच राहतो, वर खर्च.

४. कागद. काळजी डोक्यात ठेवू नका, वहीत लिहा. देणे किती, येणे किती, कोणती तारीख. घरच्या माणसांना, विशेषतः बायकोला, हा हिशेब माहीत असू द्या. एकट्याने वाहिलेले ओझे दुप्पट जड होते.

छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, दरदरून घाम, ही लक्षणे टेन्शन समजून अंगावर काढू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. शेजारचा कोणी जेवेनासा झाला, पारावर येईनासा झाला, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा. मरणाचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तसा विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

सहकार म्हणजे एकमेकांच्या अडचणीला उभे राहणे. उसाचे एखादे वर्ष गेले तरी पुन्हा लागण करता येते. माणसाचे तसे नाही. म्हणून उद्या शेजाऱ्याच्या बांधावर जाल, तेव्हा उसाच्या आधी त्याची विचारपूस करा.