‘विक्रीसाठी नाही’ : प्रोमो सिंगल आणि त्यातला कागद

सात इंची जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर ‘नॉट फॉर सेल’ अशी अक्षरं दिसली की तिचा भाव एकदम चढतो. पुष्कळदा हा भाव ऐकीव समजुतींवर उभा असतो. या छंदात नव्याने पडणारे पैसे घालवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे रेकॉर्डबरोबर आलेला छापील कागद बिनमहत्त्वाचा समजून टाकून देतात.

आधी हा प्रकार काय होता ते पाहू. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड बाजारात आणली. पुढची कित्येक वर्षं गाणं चालणार की पडणार हे रेडिओवर ठरायचं. म्हणून कंपन्या दुकानात माल जाण्याआधीच रेडिओ केंद्रांना आणि समीक्षकांना फुकट प्रती, म्हणजेच प्रोमो, पाठवत. त्यांचं लेबल बहुधा पांढरं असे. ब्रिटनमध्ये जी बाजू वाजवायची तिच्यावर ठळक ‘A’ छापत. सोबत एखादा कागद असायचा : गायकाची माहिती, रेकॉर्ड बाजारात येण्याची तारीख, कॅटलॉग क्रमांक, कधी फोटो, कधी गाण्याचे शब्द. यालाच संग्राहक ‘इन्सर्ट’ म्हणतात. केंद्रात रेकॉर्ड फडताळात जायची आणि कागद केराच्या टोपलीत. त्यामुळे आज अनेक सिंगल्सच्या बाबतीत रेकॉर्डपेक्षा कागद मिळणं अवघड आहे.

‘प्रोमो म्हणजे दुर्मीळ’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. अमेरिकेत रेडिओ केंद्रं हजारोंच्या संख्येत होती. मोठ्या कंपनीने एखाद्या नामवंत गायकासाठी जोर लावला, तर प्रोमो प्रतीही तशाच ढिगाने निघत. अशी प्रत आजही सहज सापडते. खरी दुर्मीळता असते ती गाणं पडलं किंवा कंपनीने ते मागे घेतलं तेव्हा. फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ हे याचं ठळक उदाहरण. मोटाउन या कंपनीच्या ‘सोल’ या लेबलसाठी १९६५ साली त्याच्या प्रोमो प्रती निघाल्या, पण रेकॉर्ड बाजारात आलीच नाही आणि बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ‘नॉर्दर्न सोल’ नाचघरांत हेच गाणं डोक्यावर घेतलं गेलं. २००९ साली त्याची एक प्रत २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. ही किंमत त्या गाण्याच्या नशिबाची आहे. नुसत्या पांढऱ्या लेबलला कोणी एवढे पैसे मोजत नाही. अपयशी गाण्यांच्या बाबतीत तर उलटही घडतं : प्रोमो सापडते, दुकानातली प्रत सापडत नाही. म्हणून दुर्मीळता शीर्षकागणिक तपासावी लागते.

पांढरं लेबल म्हणजे ‘टेस्ट प्रेसिंग’ असंही सर्रास सांगितलं जातं. ते वेगळं. टेस्ट प्रेसिंग कारखान्यात आवाज तपासण्यासाठी मोजक्याच प्रतींचं निघतं, आणि त्याचं लेबल कोरं किंवा हाताने लिहिलेलं असतं.

‘गाणं तेच, फक्त लेबल वेगळं’ हे मात्र मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण या समजुतीपायी माणसं रेकॉर्ड ऐकतच नाहीत. बीटल्सचं ‘पेनी लेन’ घ्या. १९६७ साली कॅपिटॉल कंपनीने लंडनहून आलेल्या आधीच्या मिक्सवरून अमेरिकन रेडिओसाठी प्रती काढल्या. त्यात गाण्याच्या शेवटी डेव्हिड मेसनच्या पिकोलो ट्रम्पेटचे काही जादा सूर आहेत. मग मिक्स बदललं आणि दुकानातल्या रेकॉर्डवर ते सूर आलेच नाहीत. अमेरिकेतल्या सर्वसामान्य श्रोत्यांना ते सूर अखेर १९८० सालच्या ‘रॅरिटीज’ या एलपीवर ऐकायला मिळाले. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तर अनेक अमेरिकन प्रोमोंच्या दोन्ही बाजूंना एकच गाणं असे, एकीकडे मोनो आणि दुसरीकडे स्टिरिओ.

प्रोमोचा आवाज हमखास चांगला, यावर मात्र विसंबू नका. मुळात प्रत्येक सिंगल व्हिनाइलचीच असते असंही नाही. अमेरिकेत कित्येक सिंगल्स पॉलिस्टायरिनच्या निघत. अशा रेकॉर्डचं लेबल दाबून बसवलेलं नसतं, वरून चिकटवलेलं असतं. वाकवायला गेलात तर ती मोडते आणि खाचा लवकर झिजतात. त्यात ती रेडिओवरची. निवेदक गाण्याच्या आरंभावर सुई ठेवून तबकडी हाताने मागेपुढे फिरवायचा, म्हणजे इशारा मिळताच गाणं सुरू होई. त्यामुळे दिसायला लख्ख असलेल्या प्रतीतही पहिले काही सेकंद खरखर येते. विकत घेताना सुरुवातच ऐकवायला सांगा.

आता अस्सल-नकलीचा प्रश्न. ‘छपाईत चूक आहे, म्हणजे बनावट’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’च्या १९६२ सालच्या प्रोमोवर मॅकार्टनीचं आडनाव चुकीचं, ‘मॅक’नंतरचा ‘सी’ गाळून छापलं आहे. सुमारे २५० प्रतींची ती रेकॉर्ड अस्सल आहे, आणि त्या चुकीवरूनच ओळखली जाते. अर्थात हे माहीत असलेला नक्कल करणाराही तीच चूक छापतो. म्हणून शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक नोंदींशी ताडून पाहावा लागतो.

कागदाची नक्कल तर त्याहून सोपी. स्कॅन केला, छापला, चहाच्या पाण्याने पिवळा केला. पण कागद बारकाईने वाचला की बोलतो. अमेरिकन कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर तो कागद १९६३च्या जुलैआधीचा असू शकत नाही. त्याआधी ‘न्यूयॉर्क १९’ असा एक-दोन आकडी विभाग लिहीत. भिंगाखाली पाहा : जुन्या ऑफसेट छपाईतल्या फोटोत शिस्तीत मांडलेले ठिपके दिसतात, इंकजेटच्या छपाईत विस्कटलेले. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला म्हणजे नकली, हा नियम मात्र अर्धवट आहे. चमक आणणारी रसायनं पन्नाशीच्या दशकापासून कागदात वापरात आली, तेव्हा साठीतला अस्सल कागदही चमकू शकतो. आणि हेही ध्यानात ठेवा, प्रत्येक प्रोमोबरोबर कागद होताच असं नाही. पुष्कळशा प्रती कंपनीच्या साध्या पाकिटातूनच गेल्या. ‘इन्सर्टसकट पूर्ण संच’ म्हटलं की त्याच क्रमांकाच्या इतर प्रतींबरोबर तसा कागद आढळला आहे का, हे विचारा.

‘विक्रीसाठी नाही’ असं छापलं म्हणून ती विकणं गुन्हा ठरत नाही. अमेरिकेत प्रोमो सीडींवरून यूएमजी विरुद्ध ऑगस्टो हा खटला झाला. अशा न मागता पाठवलेल्या प्रतींची मालकी घेणाऱ्याकडेच जाते आणि तो त्या विकू शकतो, असा निकाल तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०११ साली दिला.

जतनाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात; पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या वापरा. टाचण्या आणि स्टेपल दमट हवेत गंजतात, त्या हलक्या हाताने काढा, पण त्यांची भोकं बुजवू नका, तीही पुरावा आहेत. आम्लयुक्त जुना कागद रेकॉर्डला लागून ठेवू नये. वेगळ्या पिशवीत घालून त्याच पाकिटामागे ठेवावा.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या रेकॉर्डींबद्दलचे लेख आणि याद्या छापल्या. असं काम कागदावर छापलेल्या क्रमांक-तारखांच्या आधारावर उभं राहतं. घरातल्या रेकॉर्डी विकायला काढाल तेव्हा प्रत्येक कव्हरात हात घालून पाहा, आणि कागद सापडला तर तो त्याच रेकॉर्डबरोबर द्या.